शिकागो, लाँग वीकेंड आणि बाबांची नदी

मे महिन्याचा शेवटचा सोमवार हा अमेरिकेत मेमोरियल डे. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. पण शनिवार-रविवारला जोडून येतो, त्यामुळे नोकरदार माणसाच्या लेखी तो उन्हाळ्याचा मुहूर्तच. थंडीत घरात कोंडलेली माणसं त्या वीकेंडला जी बाहेर पडतात ती सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत घरात शिरायचं नाव घेत नाहीत.

आम्ही राहतो ब्लूमिंग्टन-नॉर्मल या जोडगावात. इलिनॉय राज्याचा मधला पट्टा. चहूकडे मका आणि सोयाबीन, मध्ये विमा व्यवसायाची मोठमोठी ऑफिसं आणि त्यांच्या आयटी खात्यांत आपली मंडळी. शिकागो गाडीने दोन-सव्वादोन तासांवर, तरी शाळा, ऑफिस आणि बर्फ यांतून जाणं होत नाही. यंदा आई-बाबा आले होते, म्हणून जायचं ठरलंच.

बायकोने रीतसर यादी केली. बीन नावाचं चकचकीत पोलादी शिल्प, विलिस टॉवर, आर्ट इन्स्टिट्यूट, नेव्ही पिअर, डेव्हन ॲव्हेन्यू. बाबांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ह्यात नदी कुठाय?"

बाबा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. आमचं घर कुरुंदवाडचं. कृष्णा आणि पंचगंगा तिथून जवळच एकत्र येतात, त्यामुळे पावसाळ्यात घरात घड्याळापेक्षा नदीची पातळी जास्त वेळा बघितली जाते. शिकागोकरांनी आपली नदी उलटी फिरवली, हे बाबांनी डिप्लोमाला असताना वर्गात ऐकलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात घर करून बसलं होतं. बाकी उंच इमारती वगैरेंशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

शनिवार

गाडी काढली नाही, रेल्वेने गेलो. शिकागोच्या मध्यवस्तीत गाडी ठेवायचे रात्रीचे जे पैसे होतात, त्यात नॉर्मलला आठवड्याचा भाजीपाला येतो. शिवाय सेंट लुईसहून येणारी ॲमट्रॅकची 'लिंकन सर्व्हिस' नॉर्मलला थांबते आणि अडीच तासांच्या आत थेट शहराच्या मध्यावर नेऊन सोडते. सकाळी फलाटावर ही गर्दी. आईने आदल्या रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या करून घेतल्या होत्या. गाडीत खायला मिळतं हे तिला सांगून झालं होतं. "मिळतं म्हणजे काय मिळतं?" या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं.

पाँटिॲक, ड्वाइट अशी गावं मागे पडत होती. मका वीतभर वर आलेला, जमीन नजर पोचेल तिथवर सपाट. बाबा खिडकीशी. "पाणी कुठनं देतात रे ह्याला? पाट दिसंना, विहीर दिसंना, मोटर दिसंना." मी म्हटलं, इथे पाणी द्यायचं नसतं, काढायचं असतं. हा सगळा मुलूख एके काळी दलदलीचा. शेतांच्या पोटात नळ्यांचं जाळं पुरलेलं आहे, पूर्वी भाजक्या मातीच्या नळ्या असत, आता सच्छिद्र प्लास्टिकच्या असतात. जमिनीतलं जादा पाणी त्यांतून ओढ्यात जातं. बाबांनी यावर बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या शिरोळात क्षारपड जमिनीला करतात ते. इथं सगळ्या जिल्ह्यालाच केलंय." त्यानंतर त्यांची शेतांकडे बघण्याची दृष्टीच बदलली. ओढा आला की ते वाकून नळीचं तोंड शोधायचे.

जोलिएट सुटलं आणि रंग पालटला. कारखाने, तेलाच्या टाक्या, दगडाच्या जुन्या खाणी. झाडांमधून अधूनमधून पाणी दिसायला लागलं. लॉकपोर्टची पाटी आली तसे बाबा ताठ बसले. शिकागोहून निघालेला कालवा इथे येऊन खालच्या डे प्लेन्स नदीला मिळतो. अठ्ठावीस मैल लांब, खडक फोडून काढलेला, २ जानेवारी १९०० ला पाणी सोडलेला. पुढे ते पाणी इलिनॉय नदीत, मग मिसिसिपीत, मग थेट मेक्सिकोच्या आखातात. त्याआधी शिकागो नदी मिशिगन सरोवरात जायची. शहर आपली सगळी घाण नदीत सोडायचं, नदी ती सरोवरात न्यायची आणि त्याच सरोवराचं पाणी शहर प्यायचं. टायफॉइड, कॉलरा ठरलेलेच. हे मी फोनवर वाचून दाखवत होतो आणि बाबा मान हलवत होते. त्यांना नवीन काही नव्हतं, फक्त उजळणी चालली होती.

युनियन स्टेशनातला १९२५ सालचा ग्रेट हॉल बघण्याजोगा आहे. उंच काचेचं छत, लांबलचक लाकडी बाकं. आईने तिथेच पुऱ्यांचा डबा उघडला. एवढ्या देखण्या जागी बसून कुणी खाताना दिसत नव्हतं, पण आम्ही सुरुवात केल्यावर शेजारच्या बाकावरच्या कुटुंबानेही आपली सँडविचं काढली.

हॉटेलच्या खोल्या तीनशिवाय मिळणार नव्हत्या, म्हणून सामान टाकून निघालो. विलिस टॉवरखाली पोचलो तर वर जायची रांग कोपरा ओलांडून गेलेली. लाँग वीकेंडला दुसरं काय होणार? खालूनच बघून घेतला. १९७०च्या दशकात बांधलेली ही ११० मजली इमारत पंचवीसएक वर्षं जगातली सर्वांत उंच होती. तिचं गणित मांडणारा फझलुर रहमान खान ढाक्याचा. नऊ चौकोनी नळकांड्या एकत्र बांधायच्या आणि एकेक करत वेगवेगळ्या उंचीवर थांबवायच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर सगळ्या मिळून पेलतात. इमारतींशी देणंघेणं नसलेले बाबा इथे मात्र मान वर करून बराच वेळ उभे राहिले.

दुपारी बारा वाजता स्टेट स्ट्रीटवर परेड. मेमोरियल डे सोमवारी असला तरी शिकागोची परेड शनिवारी निघते. मला वाटलं होतं दहा मिनिटं बघून पुढे जाऊ. पण हायस्कुलांचे बँड आणि कॅडेटांची पथकं संपता संपेनात. शाळकरी पोरांचे गणवेश, पांढरे हातमोजे, एकाची टोपी सारखी डोळ्यांवर येतेय आणि तो हात न लावता मान मागे झटकून ती सरकवतोय. मग मारल्या गेलेल्या सैनिकांच्या घरची माणसं आली, फोटो छातीशी धरून. रस्त्यावरची बडबड थांबली. बाबांनी टोपी काढली. आमच्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे, घरटी एक तरी माणूस फौजेत. बाबांची तिथे काही वर्षं साइट होती. ते एवढंच म्हणाले, "ह्या बाईचा पोरगा आपल्या मुन्नीपेक्षा फार मोठा नसणार." मुन्नी म्हणजे आमची कन्या, वय वर्षं आठ. हिशेबाने ते काही बरोबर नव्हतं, पण कुणी दुरुस्त केलं नाही.

तिथून डेली प्लाझा जवळच. पिकासोचं ते प्रसिद्ध शिल्प तिथे आहे. १९६७ साली बसवलं, पन्नास फूट उंच, १६२ टन पोलाद. पिकासोने त्याचे पैसे घेतले नाहीत आणि त्याला नावही दिलं नाही. बाई आहे, कुत्रा आहे की माकड आहे यावर लोक अजून वाद घालतात. मुन्नीने वाद मिटवला. शिल्पाच्या उतरत्या पायावर शहरातली पोरं वर्षानुवर्षं घसरगुंडी खेळतात, ती पण चढली आणि घसरली.

संध्याकाळ मिलेनियम पार्कात. बीनबद्दल मी आधीच नाक मुरडून होतो. ज्या वस्तूसमोर प्रत्येक जण तोच फोटो काढतो ती बघायची काय, असं वाटायचं. जवळ गेल्यावर मत बदललं. पोलादाचे १६८ पत्रे जोडून ते केलंय आणि सांधा शोधून सापडत नाही. बाबांनी वाकून, नखाने चाचपून शोधला, नाही सापडला. "वेल्डर कोण होता?" शिल्पकार अनिश कपूर मुंबईत जन्मलेला, हे सांगितल्यावर आई खूश झाली. बाबांना वेल्डरचंच नाव हवं होतं. शेजारच्या क्राउन फाउंटनमध्ये पन्नास फुटी काचेच्या दोन मनोऱ्यांवर शिकागोकरांचे चेहरे दिसतात आणि थोड्या वेळाने त्यांच्या तोंडातून पाण्याची धार सुटते. मेअखेरसुद्धा सरोवरावरून येणारा वारा झोंबत होता. तरी मुन्नी नखशिखांत भिजली. आईने आपली शाल तिला गुंडाळली आणि स्वतः कुडकुडत बसली, वर "मला नाही थंडी वाजत" हेही.

रविवार

बाबांचा दिवस. नदीवरच्या बोटी इथे पुष्कळ आहेत आणि बहुतेक सगळ्या आर्किटेक्चर दाखवतात. तीन फाट्यांतून फिरवून परत आणतात. बाबांना लॉक, म्हणजे दोन दारांमध्ये पाणी भरून बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी कोठी, बघायचं होतं, म्हणून नदी आणि सरोवर दोन्हीकडे नेणारी बोट शोधून ठेवली होती. शिकागोला जाणाऱ्या कुणालाही माझं हेच सांगणं, दीड तास मोडला तरी चालेल, पण लॉकमधून बाहेर सरोवरात जाणारीच बोट घ्या. शहर तिथूनच कळतं.

गाइड विशीतली मुलगी, हातात माइक, उत्साह भरपूर. मरिना सिटीचे दोन गोल मनोरे आले. खाली मजल्यांमागून मजले मोटारी लावलेल्या, तोंडं बाहेर काढून. वर घरं. मर्चंडाइज मार्ट आला. पूल तर संपेनात. मधून दुभंगून दोन्ही पंख वर उचलले जातात असे हे पूल. बाबांनी पुलाच्या टोकाशी बोट दाखवून आईला सांगितलं की काँक्रीटचं मोठं वजन मागे खाली लपवलेलं असतं, त्यामुळे एवढा पूल उचलायला छोटी मोटर पुरते. आईने ऐकून घेतलं. तिने चाळीसएक वर्षं असं ऐकून घेतलंय.

मग गाइड म्हणाली की १८५०-६०च्या दशकांत या शहराने स्वतःलाच उचललं. जमीन सरोवराच्या जेमतेम वर, गटारं घालायला उतार मिळेना. म्हणून गटारं रस्त्यावरच घातली, त्यांच्यावर भर टाकली, रस्ते वर आले आणि मग इमारती खालच्या पातळीला राहायला नकोत म्हणून त्या स्क्रू-जॅक लावून, इंचाइंचाने, माणसं आत असताना वर चढवल्या. विटांची हॉटेलंसुद्धा. पाहुणे आत जेवत होते म्हणे. यावर बोटीतल्या लोकांना हसू आलं. बाबांना नाही आलं. "शेकडो जॅक एकदम फिरवायचे म्हणजे शिट्टी लागणार, मुकादम लागणार. एकानं अर्धा आटा जास्त दिला तर भिंत तडकली." ते खरंच बोटीतून दीडशे वर्षं मागे जाऊन त्या कामावर उभे होते.

"आणि त्यानंतर आम्ही नदी उलटी केली!" गाइड म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पण वाजवल्या आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "खालच्या गावांना विचारलं होतं का?"

मी विचारलं नाही. लोकांच्या देखत त्या मुलीला अडचणीत कशाला आणायचं? त्यांनी दुसरा प्रश्न काढला, "विसर्ग किती?" हा विचारला. तिला माहीत नव्हतं, पण तिने प्रामाणिकपणे तसं सांगितलं. फोनवर शोधलं तेव्हा सापडलं. १९६७ च्या सुप्रीम कोर्टाच्या हुकमाप्रमाणे इलिनॉयला सरोवरातून ३२०० क्यूसेकपेक्षा जास्त पाणी वळवता येत नाही. पिण्याचं, पावसाचं वाहून जाणारं, कालव्यात सोडलेलं, सगळं धरून. बाबांनी मनात भागाकार केला. "राधानगरीचा एक दरवाजा १४२८. म्हणजे सव्वादोन दरवाजे." पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या कुणालाही हा आकडा पाठ असतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की प्रत्येकातून तेवढं सुटतं आणि बातम्यांत तेच ऐकायचं असतं. शिकागोसारख्या शहराचा सगळा डोलारा सव्वादोन दरवाजांवर! बाबांचा आदर एकदम वाढला. एवढ्याशा पाण्यात एवढं चालवतात म्हणून.

मग लॉक. नदीच्या तोंडाशी, १९३०च्या दशकात बांधलेलं, सहाशे फूट लांब आणि ऐंशी फूट रुंद. बोट आत शिरली, मागची दारं मिटली. पुढच्या दारांच्या पलीकडे मिशिगन सरोवर, नदीपेक्षा दोनेक फूट उंच. म्हणजे नदीच्या मुखाशी नदी खाली आणि सरोवर वर. समुद्राकाठी वाढलेल्याला हे विचित्र वाटेल, आम्हा धरणाखालच्यांना नाही. पुढची दारं किलकिली झाली आणि फटीतून पाण्याचा हिरवट जाड पडदा आत आला. बोट हलली, चढायला लागली. काठाच्या भिंतीवरची शेवाळाची रेघ हळूहळू खाली गेली, कठड्याच्या दोऱ्या सैल पडल्या. बाबा कठड्याला धरून, पुढे वाकून. "झडपा नाहीत. भुयार नाही. दार किलकिलं करूनच भरतात. हेड, म्हणजे दोन्हीकडच्या पातळीतला फरक, कमी आहे म्हणून जमतं. नाहीतर दारंच उखडली असती." हे माझ्याशी नव्हतं, मुन्नीशीही नव्हतं. शेजारी एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उभे होते, त्यांच्याशी चाललं होतं. भाषा बाबांची मराठी-इंग्रजी, त्यांची निव्वळ इंग्रजी. पण दोघेही दाराच्या बिजागरीकडे बोट दाखवत होते आणि दोघांचंही समाधान झालेलं दिसत होतं. बाहेर पडल्यावर कळलं, ते गृहस्थ मिसिसिपीवर बार्ज चालवायचे.

सरोवरातून शहर बघितलं. पलीकडचा काठ दिसत नाही. आई म्हणाली, "हे गोडं पाणी?" हो, सगळं गोडं. तिने हात बुडवून जिभेला लावून बघितलं. तिला आकड्यांवर भरवसा नाही.

दुपारी डीप डिश पिझ्झा. त्याबद्दल फार बोलत नाही. भाजायला पाऊण तास, चीज बोटभर जाड, वर टोमॅटोचा रस्सा. मुन्नी आणि बायको तुटून पडल्या. बाबांनी एक तुकडा संपवून विचारलं, "भाकरी मिळते का कुठं?"

आईचा दिवस दुपारनंतर सुरू झाला. तिचं माहेर बेळगावचं आणि विवेकानंद अमेरिकेला येण्याआधी, १८९२ साली, बेळगावात राहून गेले होते हे ती लहानपणापासून ऐकत आलीय. पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर १८९३ ला, ते या आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत बोलले. भाषण काही मिनिटांचंच. आता ते सभागृह राहिलेलं नाही, पण फुलर्टन हॉलपाशी स्मरणफलक आहे आणि इमारतीसमोरच्या मिशिगन ॲव्हेन्यूच्या तुकड्याला 'स्वामी विवेकानंद वे' असं मानाचं नाव दिलंय. फलकासमोर आईने चपला काढल्या. मी म्हटलं, अगं म्युझियम आहे. तिथली सुरक्षारक्षक बाई, साठीची, काळी, गंभीर चेहऱ्याची, पुढे आली. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. ती म्हणाली, रोज कुणीतरी काढतं, ठेवू दे त्यांना, फक्त वाटेत नको. आणि पायानेच चपला भिंतीकडे सरकवायला जागा दाखवली.

चित्रांत बायकोने फ्रेंच चित्रकार सरा याचं 'ग्रांद जात' बेट गाठलं. ठिपक्याठिपक्यांनी दोन वर्षं रंगवलेलं, जवळ गेलं की नुसते ठिपके. मी चित्रकार हॉपरच्या रात्रीच्या हॉटेलासमोर रेंगाळलो. १९४२ चं चित्र आहे. काचेमागे प्रकाशात चार माणसं आणि बाहेर जायला दारच दिसत नाही. एकटं राहायला म्हणून पहिल्यांदा परदेशात आलेल्या माणसाला ते दार लगेच दिसेनासं होतं, हे मी अनुभवाने सांगतो. मुन्नीला तळमजल्यावरच्या थॉर्न मिनिएचर रूम्समधून बाहेर काढताना नाकी नऊ आले. अडुसष्ट इवल्या खोल्या, खुर्च्या, झुंबरं, पुस्तकं, सगळं एका इंचाला एक फूट या प्रमाणात. बाबा तोवर बाकावर बसून झोपले होते.

रात्री डेव्हन ॲव्हेन्यूला जेवलो. मिठाई, साड्या, मोबाइल कार्डं, हैदराबादी बिर्याणी, आणि पटेल ब्रदर्सचं दुकान, जे १९७४ साली याच रस्त्यावर सुरू झालं आणि आता देशभर आहे. याच रस्त्याच्या एका भागाला गांधींचं नाव, पुढच्या भागाला जीनांचं, आणखी पुढे इस्रायलच्या गोल्डा मायर यांचं. नकाशावर भांडणारे सगळे इथे एका फुटपाथवर भाजी निवडतात. बाबांना ज्वारीची भाकरी मिळाली नाही, पण आईला हिरव्या मिरच्या हव्या तशा तिखट मिळाल्या.

हॉटेलवर परतल्यावर मी बाबांच्या पहिल्या प्रश्नाच्या मागे लागलो. खालच्यांना विचारलं नव्हतं. उलट मिसुरी राज्य मनाई हुकूम आणेल या धास्तीने शिकागोकरांनी समारंभ न करता घाईघाईत पाणी सोडलं. मिसुरी लगेचच सुप्रीम कोर्टात गेलं. तुमची घाण आमच्या सेंट लुईसच्या पिण्याच्या पाण्यात येतेय, आमच्याकडे टायफॉइड वाढलाय. दोन्हीकडून तज्ज्ञ उभे राहिले. कुणी निरुपद्रवी जिवाणूंची पिंपंच्या पिंपं कालव्यात ओतून ती सेंट लुईसपर्यंत पोचतात का ते तपासलं. १९०६ साली निकाल लागला आणि मिसुरी हरलं. न्यायमूर्ती होम्स यांनी म्हटलं, टायफॉइड शिकागोमुळेच वाढला हे सिद्ध झालेलं नाही. शिवाय मिसुरीची स्वतःची गावंही त्याच नद्यांत सांडपाणी सोडतात. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते पलंगावर पाय सोडून बसले होते. "कोल्हापूर, इचलकरंजी आणि आपण," ते म्हणाले. "हेच की."

पंचगंगेत वरच्या शहरांचं सांडपाणी येतं, उन्हाळ्यात पाणी काळं पडतं, मासे तरंगतात आणि आम्ही शिरोळची माणसं तक्रार करत राहतो. दिवसभर शिकागोच्या बोटीत बसून टाळ्या वाजवणारे बाबा मनाने सेंट लुईसच्या घाटावर होते, हे मला तेव्हा कळलं.

आता शिकागो सांडपाणी शुद्ध करून सोडतं, स्टिकनीचा त्यांचा प्रकल्प जगातल्या मोठ्यांत गणला जातो आणि पावसाळी पाण्यासाठी जमिनीखाली १०९ मैलांचे बोगदे आहेत, हेही सांगितलं. "बोगद्यांना किती वर्षं लागली?" १९७५ ला सुरुवात, २००६ ला पूर्ण. "म्हणजे आपल्यासारखीच."

सोमवार

खरा मेमोरियल डे. शहर निवांत, ऑफिसं बंद, झेंडे अर्ध्यावर. इथे त्या दिवशी ते दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर ठेवतात आणि मग वर चढवतात. सकाळी मिशिगन ॲव्हेन्यूवरचा वॉटर टॉवर बघितला. १८६९ साली पिवळसर चुनखडीत बांधलेला हा मनोरा १८७१ च्या मोठ्या आगीत वाचला आणि तेव्हापासून शहराचा लाडका आहे. त्याच्या पोटात एक १३८ फूट उंच नळ उभा होता. पंपांच्या धक्क्यांनी पाण्याचा दाब कमीजास्त होऊ नये म्हणून. बाबा लगेच म्हणाले, "सर्ज टँक." समोरचं पंपिंग स्टेशन अजून चालू आहे. आम्ही दाराशी उभं राहिलो तेव्हा जमिनीतून बारीक घरघर तळपायाला लागत होती.

मग ओक स्ट्रीट बीच. शिकागोचे किनारे याच वीकेंडला उघडतात, त्यामुळे लोक हट्टाने उघड्या अंगाने वाळूत बसले होते. पाणी बर्फासारखं. मुन्नी घोट्यापर्यंत गेली, किंचाळली, परत गेली. नेव्ही पिअर राहिलं ते राहिलंच, कुणी नाव काढलं नाही.

परतीची गाडी संध्याकाळी सातला. साडेसात वाजले तसे बाबांनी फोन काढला. कुरुंदवाडला सकाळचे सहा, काका म्हशीचं दूध काढून चहाला बसलेले असणार. फोन स्पीकरवर, आवाज डबाभर.

"नदी बघितली," बाबा म्हणाले. "खरंच उलटी हाय. दार किलकिलं करून लॉक भरतात."

"मग खालच्यांनी काय केलं?" काकांनी पहिलाच प्रश्न हा विचारला.

"कोर्टात गेले."

"आन?"

"हरले. जज्ज म्हणाला, आधी तुमच्या गावांची गटारं बघा."

काका थोडा वेळ चहा प्याले. "आपल्याला बी तसंच म्हणतील काय रं?"

"म्हणतील. म्हणून तू नगरपालिकेत जाऊन आपल्या गटारीचं काय झालं ते विचार ह्या आठवड्यात."

"विचारतो. आणि त्या उंच बिल्डिंगी म्हणं लई हाईत तिथं. बघितल्या का न्हाई?"

"होत्या," बाबा म्हणाले. "सारख्या मधे येत होत्या."